मुसफ्फातलं पाठीचं कॉलेज

मुसफ्फात, म्हणजे अबू धाबीच्या कारखान्यांच्या वस्तीत, पाठीचं कॉलेज होतं असं सांगितलं की लोक हसतात. म्हणतात, तिथे गॅरेजं होती, वेल्डिंगची वर्कशॉपं होती, लेबर कॅम्प होते, कॉलेज कुठून आणलं? अहो, होतं! दोन मजली इमारत, खाली गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आणि वर आमचं कॉलेज. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या कॉलेजचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावा. आता मी काही शिकलेली बाई नाही. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात सातवीपर्यंत शाळा होती, मी चौथीतच बाहेर पडले. पुढचं सगळं वाचन लोणच्याच्या बरण्या गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांवर झालं. कुणी गावाहून आलं की बरण्या शेजारणींच्या, कागद माझे. तेव्हा शुद्धलेखन बघू नका, गोष्ट बघा.

कॉलेजात मी होते कोण? कागदावर क्लीनर. आमचे हे कॉलेजची मिनीबस चालवायचे, मी झाडूपोछा करायची, चहा करायची आणि शुक्रवारी जेवण रांधायची. जेवणाचं पुढे येईलच.

कॉलेज काढलं एका डॉक्टरांनी. मूळचे गुजराती, जन्म आफ्रिकेतला, शिक्षण विलायतेतलं. त्यामुळे बोलायला लागले की एका वाक्यात तीन देश यायचे. मला 'बेन' म्हणायचे. कायरोप्रॅक्टिक म्हणजे काय ते मी त्यांनाच पहिल्या आठवड्यात विचारलं. म्हणाले, "बेन, दवा नहीं, सुई नहीं. खाली हाथ. पाठीचे मणके हाताने तपासायचे, अडकलेला मणका हातानेच मोकळा करायचा." मी म्हटलं, आमच्याकडे गावात हाडं बसवणारे असतात, तसं का? तर जरा हिरमुसले. म्हणाले, "वैसा नहीं बेन, सायन्स है." घरी येऊन मी मुलीला सांगितलं, आम्ही आता हाडांच्या कारखान्यात कामाला आहोत. ती आठवीत. म्हणाली, "मम्मी, प्लीज डोन्ट टेल माय फ्रेन्ड्स."

सुरुवातीला सामान किती, तर दोन खोल्यांत चार टेबलं, एक फळा आणि एक सांगाडा. टेबलं साधी नव्हती हो. पेशंटला पालथं झोपवायचं, तोंडाच्या जागी भोक, आणि दाब दिला की टेबलाचा एक तुकडा ठाक्कन खाली जायचा. एकेक तीन हजार दिरहमचं, म्हणजे आपले तीस हजार रुपये! त्या किमतीत गावाला म्हैस आली असती, वर गोठा. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी ते ठाक-ठाक करून दाखवलं, तर खालचा पठाण दुकानदार धावत वर आला. त्याला वाटलं छत कोसळतंय.

सांगाडा विमानाने आला. प्लास्टिकचाच, पण हुबेहूब. कार्गोत तपासणीवाल्यांनी खोका फोडला तो फोडलाच, आणि वर सांगितलं की आता असाच न्या. आमच्या ह्यांनी त्याला मिनीबसच्या पुढच्या सीटवर बसवलं, बेल्ट लावला आणि निघाले. सिग्नलला शेजारी कामगारांनी भरलेली बस येऊन थांबली. त्यातला एकजण खिडकीतून ओरडला, "किती वर्षं झाली रे सुट्टी नाही मिळाली?" हे आठ दिवस ते सांगून हसत होते.

पहिल्या वर्गाला सहा पोरं. त्यात एक सुदानी मुलगी होती, उंच, सावळी, डोक्याला नेहमी पांढरा रुमाल. वडील अल ऐनला शाळामास्तर. तिला दोन ठिकाणी ॲडमिशन नाकारली होती, हे तिसरं. मला 'खालती' म्हणायची, म्हणजे त्यांच्यात मावशी. आता या सहा जणांचा हिशोब असा होता की पहिली दोन वर्षं इथे, उरलेली परदेशातल्या मोठ्या कॉलेजात. पण त्या कॉलेजचा माणूस इथे येऊन, पोरांची परीक्षा घेऊन 'बरोबर शिकवलंय' म्हणाला तरच ही दोन वर्षं धरायची. नाही म्हणाला तर दोन्ही वर्षं पाण्यात, आणि कॉलेजलाही कुलूप. सुदानी मुलीचे वडील म्हणाले होते, बेटी, चौथ्या ठिकाणी पाठवायची माझी ताकद नाही. हे तिने मला कांदा चिरता चिरता सांगितलं होतं. म्हणजे कांदा मी चिरत होते, रडत ती होती.

शिकायचं कशावर? सुरुवातीला पोरं एकमेकांच्या पाठी चाचपायची. डॉक्टर वैतागले. म्हणाले, "बेन, इनकी पीठ तो मख्खन है! यात सापडणार काय?" तेव्हा आमचे हे म्हणाले, "साहेब, दुखऱ्या पाठी पाहिजेत? सगळं मुसफ्फा त्याच्यावरच उभं आहे."

झालं. दर शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी हे मिनीबस घेऊन कॅम्पवर जायचे आणि वीस-बावीस जण घेऊन यायचे. सगळी आपली माणसं. सातारा, सांगली, चिपळूण, महाड. कुणी वेल्डर, कुणी शटरिंगवाला, कुणी नुसता हेल्पर. त्यांचा पुढारी एक साताऱ्याकडचा मुकादम, मिशाळ, आवाज असा की क्रेनला भोंगा नको. पोरांनी फक्त हाताने तपासायचं, चाचपून लिहायचं. मणका मोकळा करायचा तो डॉक्टर स्वतः करायचे. बदल्यात दुपारचं जेवण. दाल-गोश्तचा एक मोठा टोप, न खाणाऱ्यांसाठी मुगाची आमटी वेगळी, आणि तांदळाच्या भाकऱ्या. खरं सांगायचं तर निम्मे जण भाकरीसाठी यायचे.

आता इथे एक भानगड झाली आणि तिच्यात माझा हात होता.

प्रत्येक माणसाचं एक कार्ड असायचं. तपासायच्या आधी पोरांनी विचारायचं, कुठे दुखतं, कधीपासून, कशाने वाढतं. पोरं विचारायची, "एनी पेन?" हा गडी ताठ उभा राहून म्हणायचा, "नो पेन सर." सर! समोर मुलगी असली तरी सर. मग टेबलावर झोपायचा, उठायचा आणि तडक माझ्या स्वयंपाकघरात चहाला. तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसताना एक हात कमरेवर आणि तोंडातून, "आई गं!" मी विचारायची, काय रे, काय झालं? की सुरू. "काय सांगू भाभी, वाकलो की डावीकडून अशी चमक जाती, पार टाचेपर्यंत. दोन वर्षं झाली. त्या बारा नंबरच्या साइटवर सिमेंटच्या गोण्या उचलल्या तेव्हापासून."

मी हात पुसत बाहेर जायची आणि पोरांना सांगायची, याला डाव्या बाजूला, टाचेपर्यंत, दोन वर्षं, गोण्या. ती कार्डावर लिहायची. पुढे पुढे तर पोरं विचारायचीच बंद झाली. "खालती, यह तीन नंबर का क्या है?" की मी भाकरी थापता थापता सांगणार. कार्डं अशी सुंदर भरायची की डॉक्टर खूश! मीही खूश. मला वाटायचं, बघा, चौथी पास बाईशिवाय कॉलेज चालत नाही.

मग ते परदेशातले परीक्षक यायचं ठरलं, शुक्रवारच्या दिवशीच. आदल्या शुक्रवारी डॉक्टरांनी मुकादमाला बजावलं की पुढच्या वेळी मोठे डॉक्टर येणार आहेत, सगळ्यांनी अंघोळ करून, वेळेवर या. मुकादम म्हणाला, "फिकर नॉट साहेब."

तो शुक्रवार उजाडला. माणसं उतरली तर मी बघतच राहिले. इस्त्रीचे शर्ट, भांग पाडलेले, कुणी अत्तर लावलेलं. लग्नाला आल्यासारखे. परीक्षक वर आले. म्हातारे, गोरे, टाय लावलेला, गळ्यात फोटोचं कार्ड, हातात जाड फाइल. आमच्या पोरांचे चेहरे पांढरे. सुदानी मुलीने तर माझा पदरच धरला होता.

परीक्षक साहेबांनी सवयीप्रमाणे पहिल्या माणसाला विचारलं, नाव काय, कंपनी कुठली? आणि सुदानी मुलीला म्हणाले, आता तू विचार.

"पेन?" तिने विचारलं.

"नो पेन सर."

"बॅक?"

"बॅक गुड सर. व्हेरी स्ट्राँग." आणि पठ्ठ्याने वाकून पायाचे अंगठे धरून दाखवले! हाच तो डावीकडून चमक जाणारा. वर्षभरात मी त्याला बूट काढताना वाकलेलं पाहिलं नव्हतं.

दुसरा आला, तोही गुड. तिसरा म्हणाला, "नेव्हर पेन, थँक यू." चौथ्याने उड्या मारून दाखवल्या. साहेब एकेकाचं जुनं कार्ड काढून वाचायचे, माणसाकडे बघायचे, परत कार्डाकडे बघायचे. सहाव्या माणसानंतर त्यांनी फाइल बंद केली आणि डॉक्टरांना इंग्रजीत काहीतरी म्हणाले. डॉक्टर खुर्चीत बसलेच एकदम. मी दारातून खूण केली, काय झालं? हळूच म्हणाले, "बेन, ये कहते हैं, कार्डं खोटी आहेत. म्हणतात, तुम्ही बनवून लिहिलीत."

खोटी? अहो, त्या कार्डांतला शब्द न् शब्द माझ्या कानांनी ऐकलेला!

मी तशीच, हाताला पीठ, मुकादमाला जिन्यात गाठलं. म्हटलं, "काय चाललंय हे? दुखत नाही म्हणे! गेल्या शुक्रवारी कोण रडत होता माझ्यापुढे?"

"हळू भाभी," मुकादम म्हणाला. "सगळं फिट केलंय. काळजी करू नका."

"काय फिट केलंय?"

"सकाळी सगळ्यांना दोन-दोन पेनकिलर दिल्यात. नाश्त्याबरोबर. कुणाचं काय दुखायचं नाही संध्याकाळपर्यंत."

मी म्हटलं, "अरे बाबा, का?"

"का म्हंजे? पोरांची परीक्षा ना? वरीसभर पोरांनी पाठीला हात लावला आणि मोठ्या साहेबांपुढं आम्ही म्हणायचं का, अजून दुखतंय? मग पोरं नापासच की! बरं झालंय म्हटलं तर पास." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "आणि दुसरं असं भाभी, कॅम्पवर मोठा डॉक्टर आला की दोन-चार माणसं मेडिकल अनफिट होऊन जातात. पासपोर्टवर शिक्का, गावी परत, खलास. म्हटलं, उगं कशाला."

आता यांना रागवायचं की यांच्या पाया पडायचं? मी तिथेच जिन्यावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण वर ती मुलगी उभी होती आणि तिची दोन वर्षं पाण्यात चालली होती.

वर गेले. डॉक्टरांना म्हटलं, साहेबांना सांगा, कार्डं खरी आहेत. गोळ्यांचंही सांगितलं. डॉक्टर इंग्रजीत सांगू लागले. साहेब ऐकत होते, भुवया वर चढत होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. पोरं खाली बघायला लागली.

"काय विचारतायत?" मी म्हटलं.

"विचारतायत, कार्डावरचं दुखणं पेशंटकडून कुणी काढून घेतलं? कुठल्या विद्यार्थ्याने?"

मग मीच म्हटलं, "मी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पिठाचे हात, कमरेला खोचलेला पदर. डॉक्टरांनी नाइलाजाने सगळं सांगितलं, स्वयंपाकघर, चहा, तेलाचे डबे. मला वाटलं, गेलं कॉलेज. कार्डं खरी ठरली खरी, पण पोरांना विचारता येत नाही हे मीच कबूल करून बसले! सुदानी मुलगी माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, पण बघत होती. त्या नजरेपेक्षा राग बरा.

साहेबांनी कोट काढला, गळ्यातलं कार्ड काढलं, टाय खिशात कोंबला आणि विचारलं की गोळी उतरायला किती वेळ लागेल. डॉक्टर म्हणाले, तीन-चार तास. साहेब म्हणाले, माझं विमान रात्रीचं आहे. आणि मला विचारलं, "लंच?"

तर मंडळी, जगात कुठल्या कॉलेजात असं झालं नसेल, आम्ही सगळे दुखणं यायची वाट बघत बसलो. जुम्याची नमाज पढून माणसं परत आली, पंगत बसली. मुकादमाने सगळ्यांना एका दमात सांगितलं, "ऐका रे! ह्यो साहेब व्हिसावाला नाही. मास्तर आहे. पोरांचा पेपर तपासतोय. जिथं दुखतं तिथं दुखतं म्हणायचं, लाजायचं नाही!"

"आधी नाही का सांगायचं," एकजण म्हणाला. "मी तर तीन खाल्ल्या."

"तू उद्यापर्यंत स्ट्राँग!"

साहेबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, मुगाची आमटी वाटीने प्यायले. पण त्यांचा एक हुकूम होता की माझी बोलती बंद. मी वाढायचं, बस्स. विचारायचं ते पोरांनी, इथेच, बसून, स्वतःच्या तोंडाने. किती जड गेलं मला! एकेकाच्या दुखण्याची कहाणी मला पाठ, आणि मी तोंड शिवून उभी.

पहिला अर्धा तास पोरं नुसती 'पेन? पेन?' करत होती. सुदानी मुलगी उठली, तेलाचा डबा ओढून त्या डाव्या चमकवाल्याशेजारी बसली. तिचं हिंदी दुकानातलं. विचारलं, "चाचा, गाव में कौन है?" चाचा कसला, तिशीतला गडी! तो हसला. म्हणाला, आई आहे, दोन मुली आहेत. "सोता कैसे?" "एक कुशीवर." "कौन सा?" त्याने उजवी कूस दाखवली. "दूसरा साइड क्यों नहीं?" तो थांबला. म्हणाला, "उधर से करंट आता है बहन." आणि मग सुरू झाला. गोण्या, बारा नंबरची साइट, बसमधला चढउतार, सगळं. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. शपथेवर सांगते, त्यात मला माहीत नसलेलंही बरंच होतं. दोन महिने त्याच्या पायाचा अंगठा बधिर होता. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी त्याला पुरतं बोलू कधी दिलं होतं? माझं मेलं लक्ष भाकरीकडे.

अडीचच्या सुमारास कोपऱ्यातून आरोळी आली, "आलं! आलं रे दुखायला!" सगळे टाळ्या वाजवायला लागले. तो महाडचा शटरिंगवाला कमरेवर हात ठेवून, वेदनेने तोंड वाकडं करून, विजयी हसत उभा. मुकादम ओरडला, "यल्ला, टेबलावर घ्या त्याला, परत जायच्या आत!" मग एकेकाचं येत गेलं. "माझं मानेत सुरू झालं." "माझं अजून नाही रे, काय करू?" "उठाबशा काढ!" खालचा पठाण पुन्हा वर येऊन डोकावून गेला. बावीस माणसं दुखतंय म्हणून आनंदाने नाचतायत, म्हणाला, हे काय कॉलेज आहे?

साहेबांनी आधी स्वतः चाचपायचं, कागदावर लिहून घडी घालायची. मग पोरांनी तपासायचं. मग घडी उघडायची. पाच वाजेपर्यंत ते चाललं. शेवटची घडी सुदानी मुलीची होती. साहेबांनी उघडली, तिच्या कार्डाशेजारी ठेवली. अंगठ्याचं साहेबांच्या कागदावर नव्हतं, तिच्या कार्डावर होतं. ते परत टेबलाशी गेले, त्या माणसाचा अंगठा टाचणीच्या डोक्याने तपासला आणि स्वतःच्या कागदावर आपल्या पेनाने ते भरलं.

पत्र दीड महिन्याने आलं. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून वाचलं. दोन्ही वर्षं धरली! पोरं ओरडली, सुदानी मुलीने वडिलांना अल ऐनला फोन लावला आणि त्यातला निम्मा वेळ नुसती रडली. ती पुढे परदेशी गेली, डॉक्टर झाली. कॉलेज आणखी काही वर्षं चाललं, दोन हजारनंतर जागेचं भाडं झेपेना तेव्हा दुबईच्या एका संस्थेत मिळून गेलं. पण ते पुढचं.

पत्रात शेवटी एक अट होती. ती वाचताना डॉक्टरांचा आवाज जरा अडखळला. पेशंटची माहिती घेताना स्वयंपाकघरातील महिलेने खोलीत असू नये.

"म्हणजे कोण?" मी विचारलं.

"बेन, तुम."

घ्या! पोरांची विचारपूस आता चहाबरोबर स्वयंपाकघरातच चालायची, म्हणजे माझ्याच स्वयंपाकघरातून मला काढलं. त्यानंतर दर शुक्रवारी मी पहाटेच रांधून ठेवायची आणि आठ ते अकरा खाली मिनीबसमध्ये बसायची. हे एसी लावून द्यायचे, कव्वालीची कॅसेट लावायचे. म्हणायचे, "बरं झालं, बावीस वर्षांत पहिल्यांदा तू शेजारी बसून गप्प आहेस." मी कुठली गप्प! माझं सगळं लक्ष वरच्या खिडकीकडे.

एकदा दुसऱ्या वर्गातला नवा मुलगा धावत खाली आला. खिडकीची काच वाजवली. "आंटी, प्लीज, वो आदमी कुछ बोलता ही नहीं. सिर्फ हँसता है. आपको तो पता होगा."

मला पता होतं हो. त्याच्या उजव्या खांद्याचं पूर्ण कीर्तन माझ्या जिभेवर होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, कॅसेटचा आवाज बारीक केला. मी काच अर्धी खाली घेतली, तोंड उघडलं, आणि मिटलं.

"वर जा," मी म्हटलं. "चहा दे त्याला. दोन चमचे साखर लागते. आणि तू पण घे, बस तिथे."

तो गेला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, जेवण निवत चाललं, तरी वरून हाक येईना. आणि मी काही बसमधून उतरले नाही.